गल्ल्याची किल्ली तुमच्याकडे, मग कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाकडे?



आज थोडं परखड बोलणार आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

माझ्या क्लासला हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक काका येतात. एकदा महिन्याच्या १८ तारखेला त्यांचा फोन आला. दोन दिवसांवर जीएसटीआर-३बी भरायची तारीख आलेली. मदरबोर्ड बदलून आणला होता आणि कॉम्प्युटर चालू केला की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. काका म्हणाले, "असला कुठला नंबर मला कुणी दिलाच नाही."

खरंच दिला नव्हता. मशीन बसवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलने विंडोज चालू करून दिलं होतं. की त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पडून, आणि मुलगा गाव सोडून गेलेला, फोन बंद. की नाही म्हणजे डेटा नाही. पेनड्राइव्हवरचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा. विक्रीची आणि खरेदीची बरीचशी बिलं जीएसटी पोर्टलवरून परत मिळाली. उधारी मात्र गेली. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांचे पैसे आले, बाकीच्यांचे सोडून दिले.

चूक त्या मुलाची आहेच, पण माझ्या मते मोठी चूक आपल्या समजुतीत आहे. कॉम्प्युटर चालवता आला की झालं, सांभाळायला माणूस आहे, असं आपण धरून चालतो. गल्ल्याची किल्ली आपण नोकराकडे ठेवतो का? मग सगळा हिशोब ज्या डब्यात आहे, त्याची किल्ली दुसऱ्याकडे कशी?

तुम्ही म्हणाल, "सर, दुकान बघू की हे शिकू?" अगदी बरोबर. तुम्हाला इंजिनिअर व्हायचं नाहीये. चार गोष्टी पुरेत.

पहिली, अकाउंट. रोजच्या एंट्रीचं अकाउंट 'स्टँडर्ड' असावं, 'अॅडमिनिस्ट्रेटर' नाही. आधी सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर यूजर्समध्ये जाऊन एक नवीन अकाउंट बनवा आणि त्याला अॅडमिनिस्ट्रेटर करा. त्यात लॉगिन करून खात्री करा, आणि मगच जुनं अकाउंट स्टँडर्ड करा. क्रम उलटा करू नका. जुन्या फाइली जागेवरच राहतात. आता एंट्री मारणाऱ्या मुलाने काही इन्स्टॉल करायला घेतलं की बहुतेक वेळा कॉम्प्युटर तुमचा पासवर्ड मागेल. काही जुनी बिलिंग सॉफ्टवेअर अशा अकाउंटवर अडतात. तेव्हा सगळे अधिकार परत देऊन टाकू नका. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, बऱ्याचदा एका फोल्डरची परवानगी दिली की काम भागतं.

दुसरी, अपडेट. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. मे महिन्यात त्याच भोकातून वॉनाक्राय जगभर पसरला. जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्याने तेच भोक वापरलं आणि शिवाय मशीनमधले अॅडमिनचे पासवर्ड चोरून तो पुढच्या मशीनवर गेला. आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं कामकाज त्याने ठप्प केलं. एवढ्या मोठ्या ठिकाणी ही गत, तर आपल्या दुकानाचं काय? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. "चालतंय की अजून," हे उत्तर नाही. चालणं वेगळं, सुरक्षित असणं वेगळं.

तिसरी, बॅकअप. स्टँडर्ड अकाउंट केलं म्हणजे सगळं वाचलं असं नाही. ज्या फाइली तुमचा मुलगा उघडू शकतो, त्या त्याच्या अकाउंटवर आलेला व्हायरसही लॉक करू शकतो. म्हणून डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. डिस्क कायम जोडून ठेवू नका, बॅकअप झाला की काढा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक! जीएसटी कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपायला सांगितलाय. "कॉम्प्युटर बिघडला" म्हटल्याने ती जबाबदारी टळत नाही.

चौथी, रिकव्हरी की. नवीन मशीन मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आपल्याला कळतही नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर हे चांगलंच आहे. पण की तुमच्या ईमेलवर हवी. ती आजच शोधा, कागदावर लिहा आणि दुकानाच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा.

आता कॉम्प्युटरवाल्याला काढून टाका, असं मी म्हणत नाही. तो हवाच. पण त्याने काय केलं हे तुम्हाला कळलं पाहिजे आणि त्याच्याशिवाय एक दिवस निघाला पाहिजे. चांगला माणूस असेल तर त्याला याचं वाईट वाटणार नाही. वाटलंच, तर तेव्हा जरूर विचार करा.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पूजतो. काकांनी त्या वर्षी वहीशेजारी एक बंद पाकीट ठेवलं होतं. आत नव्या मशीनचा पासवर्ड आणि ते ४८ आकडे.

तुमचं पाकीट तयार आहे का? नसेल तर आज दुकान बंद करण्याआधी एवढं एकच काम करा. बाकीच्या तीन गोष्टी या आठवड्यात.

भेटू पुढच्या व्हिडिओत.