फोन म्हणतो, चल बाहेर!

मैत्रिणींनो, नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "माझा मुलगा नववीत आहे. वर्षभर मी त्याच्या मागे लागले होते, अरे, जरा बाहेर जा, चार पावलं चाल. तो जागचा हलायचा नाही. आता दोन महिने झाले, न सांगता दूध आणायला जातो. पण पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लावतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं, फोनवर 'पोकेमॉन गो' खेळत गल्लोगल्ली हिंडतो. आनंद मानावा की राग, तेच समजत नाही. फोन काढून घेऊ का?"

ताई, घाई करू नका. तुमचं पत्र वाचून मला आधी हसूच आलं, कारण हा खेळ माझ्याही फोनमध्ये आहे! मोठ्या नातवाने घालून दिला. गुडघ्यांसाठी डॉक्टर चालायला सांगून थकले होते. त्यांचं ऐकलं नाही, ते या खेळाचं ऐकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा खेळ जुलै २०१६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे आला. फोनला उपग्रहांवरून आपली जागा कळते. पडद्यावर आपल्याच भागाचा नकाशा येतो आणि आपण चालू तशी त्यातली बाहुली चालते. वाटेत चित्रविचित्र प्राणी भेटतात. बोटाने चेंडू फेकून त्यांना पकडायचं. देवळं, पुतळे, कारंजी, बागा अशा ठिकाणी थांबे असतात, तिथे चेंडू आणि अंडी मिळतात. अंडं फुटायचं तर कुठलं २ किलोमीटर, कुठलं ५, कुठलं १० किलोमीटर चालल्यावर. गाडीवरून भरधाव गेलात तर ते अंतर धरलं जात नाही. म्हणजे घरात बसून या खेळाची मजा फारशी नाही. बाकीचे खेळ मुलांना घरात खिळवतात, हा बाहेर काढतो, हे त्याचं श्रेय मान्य करायलाच हवं.

आणि खरं सांगू? आपणा बायकांना उगाच बाहेर पडायची सवयच नसते. दूध, भाजी, मुलांची शाळा, गिरणी, काहीतरी काम हवं. रिकाम्या हाताने निघालं की कुणीतरी विचारणारच, "कुठे निघालात?" मला या खेळाने बिनकामाचं चालणं शिकवलं. आमच्या भागात मी २२ वर्षं राहते. मारुतीच्या देवळामागे एक जुनी वीरगळ उभी आहे, हे मला ठाऊकही नव्हतं. खेळात तिथे थांबा दिसला म्हणून मागे जाऊन पाहिलं. कुणीतरी कधीकाळी लढताना पडला, त्याची आठवण म्हणून उभारलेला तो दगड. आता जाता-येता माझा हात आपोआप जोडला जातो.

पण आता दुसरी बाजू. परवाचीच गोष्ट. धाकटी नात माझ्याकडे आली होती, सात वर्षांची. संध्याकाळी तिला घेऊन निघाले. कोपऱ्यावर एक दुर्मीळ प्राणी दिसला. मी थांबले, फोन वर धरला, चेंडू फेकला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पकडला! आनंदाने तिला दाखवायला वळले, तर तिचं बोट माझ्या हातात नव्हतं. दोन्ही हात फोनला लागतात ना! ती पदपथावरून उतरून चार पावलं पुढे, फुगेवाल्याकडे बघत उभी. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला होता. तो ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "आजी, पोरीकडे बघा." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हे माझ्यासारखीच्या वेंधळेपणामुळेच होतं असं समजू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये जपानात तोकुशिमा इथे एका चालकाने गाडी चालवताना हा खेळ खेळत दोन स्त्रियांना धडक दिली; त्यांतली एक दगावली. खेळणारा घरी परतला, पण रस्त्याने आपली निमूट जाणारी बाई परतली नाही.

दुसरी खोट अशी की या खेळाला जागा कळते, जागेचं भान कळत नाही. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला आणि पोलंडमधल्या आउश्वित्झच्या स्मारकाला २०१६ मध्ये लोकांना सांगावं लागलं, की बाबांनो, इथे प्राणी पकडू नका. आपल्याकडे त्याच वर्षी देवळांच्या जागी 'अंडी' मिळतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली. अंडी पडद्यावरचीच, पण गाभाऱ्यासमोर फोन नाचवणारा माणूस खरा असतो. दवाखाना, स्मशान, देऊळ, कुणाचं अंगण इथे कसं वागायचं, हे नकाशा शिकवणार नाही. ते घरानेच शिकवायचं.

तिसरी गोष्ट पैशांची. खेळ फुकट आहे, पण आतल्या दुकानात नाणी खऱ्या पैशांनी विकत मिळतात. शिवाय आपण रोज कुठे, किती वाजता असतो, हे खेळ चालवणाऱ्यांना कळत राहतं. २०२५ मध्ये हा खेळ इतर काही खेळांसह एका कंपनीने दुसरीला साडेतीन अब्ज डॉलर्सला विकला. आपल्या 'फुकट' चालण्याला कुणाच्या तरी वहीत किंमत आहे, एवढं लक्षात असू द्या.

तेव्हा ताई, फोन काढून घेऊ नका. काढून घेतलात तर मुलगा पुन्हा सोफ्यावर. त्यापेक्षा पुढच्या गोष्टी घरात ठरवून टाका:

१. रस्ता ओलांडताना फोन खिशात. पकडायचं असेल तर कडेला, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि मगच पडदा बघायचा. सायकलवर, स्कूटरवर तर मुळीच नाही.

२. चालताना सतत पडदा बघायची गरजच नाही. फोन खिशात असतानाही पावलं मोजायची सोय २०१८ पासून खेळात आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करून द्या. अंडी तशीही फुटतात आणि बॅटरीही टिकते.

३. लहान मूल बरोबर असेल तर खेळ बंद. हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

४. खेळातल्या नावात खरं नाव, शाळा किंवा जन्मसाल नको. थांब्यावर भेटलेल्या अनोळखी 'मित्रा'बरोबर कुठे जायचं नाही. दिवेलागणीनंतर एकट्याने नाही, मुलगी असो की मुलगा.

५. पैसे भरायची सोय तुमच्या परवलीच्या शब्दाशिवाय उघडणार नाही अशी करून ठेवा.

६. निघताना कुठल्या बाजूला जातोय आणि किती वाजता येणार, एवढं सांगून जायचं. दुधाची पिशवी आधी घरी, मग खेळ!

शेवटी एक महत्त्वाचं. अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या खेळाडूंचा एक अभ्यास डिसेंबर २०१६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात माणसं सरासरीने रोज सुमारे ९५५ पावलं जास्त चालली. मग पावलं घटत गेली आणि सहाव्या आठवड्यात होती तिथे आली. म्हणजे हा खेळ घराचं दार उघडून देतो, पण ते उघडं ठेवणं त्याच्या हातात नाही.

म्हणून ताई, मुलाची नवलाई ओसरण्याआधी एक करा. संध्याकाळी कुकर उतरवून ठेवा, चपला घाला आणि म्हणा, "चल, मलाही दाखव तुझे प्राणी." तो आधी लाजेल. मग दाखवेल. मग शाळेतलं काहीबाही सांगू लागेल, जे घरात समोरासमोर बसून नववीतला मुलगा कधी सांगत नाही. पुढे खेळाचा कंटाळा आला तरी आईबरोबर चालायची सवय राहील.

माझी नात पुढच्या सुट्टीत येते आहे. फोन घरी ठेवून तिला ती वीरगळ दाखवायची, असं मी ठरवलं आहे.