व्हॉट्सॲपवरची एपीके की स्टोअरमधली पाटी? गावच्या पोराचं ॲप यादीत लागणं का महत्त्वाचं

मूल : धानाची रोवणी सुरू झाली की मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा या पट्ट्यातले व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. कोणाकडे पऱ्हे शिल्लक आहेत, कोणाला रोवणीसाठी बाया पाहिजेत, कोणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे, सगळं तिथेच विचारलं जातं. याच ग्रुपवर मधेच एखादी फाईल येऊन पडते. कधी नाव असतं 'पीएम किसान', कधी 'आरटीओ चलान', कधी लग्नाची पत्रिका. नावाच्या शेवटी तीन अक्षरं : एपीके.

ही फाईल उघडली की ॲप थेट मोबाईलमध्ये बसतं. मग ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोराला दिसतो. आणि तीच फाईल मालकाच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपवर पुढे जाते. राज्यभरातले सायबर पोलीस याबाबत वारंवार सावध करत आहेत.

आता दुसरी बाजू. तालुक्यातली शिकलेली पोरंही ॲप बनवतात. हार्वेस्टरची बुकिंग, बचत गटाचा हिशेब, राईस मिलमधली धानाची आवक अशा साध्या गरजांवर कॉलेजच्या प्रोजेक्टमधून काहीतरी तयार होतं. पण स्टोअरवर टाकायची कटकट नको म्हणून तेही एपीके करून व्हॉट्सॲपवरच पाठवलं जातं. म्हणजे चोराचा रस्ता आणि घरच्या पोराचा रस्ता एकच झाला. शेतकऱ्याने ओळखायचं कसं? खरा प्रश्न इथे आहे.

गुगलचा नवा नियम काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने एक मोठा बदल जाहीर केला. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलेलं असो की बाहेरून, ते बनवणाऱ्याची ओळख गुगलकडे पडताळलेली असली पाहिजे. तशी नसेल तर गुगलचं प्रमाणपत्र असलेल्या अँड्रॉइड फोनवर ते नेहमीसारखं बसणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने जगभर, असं वेळापत्रक कंपनीने दिलं. प्ले स्टोअरच्या तुलनेत इंटरनेटवरून थेट घेतलेल्या ॲपमध्ये घातक सॉफ्टवेअरचं प्रमाण ५० पटींहून जास्त आढळलं, असं कारण गुगलने सांगितलं.

यावर टीकाही झाली. मुक्त सॉफ्टवेअरची यादी चालवणाऱ्या 'एफ-ड्रॉइड' या प्रकल्पाने याला उघड विरोध केला. लोकांनी आपल्या फोनवर काय बसवायचं ते एकच कंपनी ठरवणार का, हा त्यांचा सवाल. नंतर नोव्हेंबरमध्ये गुगलने थोडी ढील दिली. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोजक्याच फोनवर ॲप देता येईल असं वेगळं खातं, आणि धोका समजून घेऊन बाहेरचं ॲप बसवू पाहणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं सांगितलं.

वाद काहीही असो, तालुक्यातल्या पोरांसाठी अर्थ सरळ आहे. 'एपीके पाठवून देतो' हा मार्ग अरुंद होत जाणार. ज्याला आपलं ॲप चार गावांत चालवायचं आहे त्याला आज ना उद्या नाव नोंदवावंच लागेल.

यादीत लागायला काय काय लागतं?

पहिली पायरी खात्याची. प्ले स्टोअरसाठी गुगल एकदाच २५ डॉलर घेतं, म्हणजे सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. ॲपलचं स्टोअर दरवर्षी ९९ डॉलर घेतं. आपल्याकडे बहुतेक फोन अँड्रॉइडचे, त्यामुळे ॲपलचा खर्च सुरुवातीला करण्यात अर्थ नाही. पैसे भरतानाच बरेच जण अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंद असतात. बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन ते सुरू करून घ्यावे लागतात. त्यानंतर ओळखपत्राची पडताळणी होते. कार्डावरचं नाव आणि खात्यातलं नाव सारखं पाहिजे, नाहीतर अर्ज परत येतो.

दुसरी पायरी चाचणीची, आणि इथेच जास्त जण थांबतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद गटात चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० माणसं लागत. डिसेंबर २०२४ पासून ती अट १२ वर आली. ही १२ माणसं सलग १४ दिवस चाचणीत राहिली पाहिजेत. नुसते ईमेल भरून चालत नाही. प्रत्येकाने लिंक उघडून 'मी सहभागी होतो' असं मान्य करावं लागतं आणि मधेच बाहेर पडायचं नाही. पुढे परवानगी मागताना गुगल विचारतं : लोकांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं?

शहरात १२ अनोळखी माणसं गोळा करायला पोरं पैसे मोजतात. गावात ही अट उलट सोपी आहे. बचत गटाच्या बाया, मिलवरचे दिवाणजी, रोजगार सेवक, मित्रांचे मोठे भाऊ, १२ माणसं चावडीवरच भेटतात. शिवाय ते खरे वापरणारे असतात. जंगलालगतच्या गावात रेंज गेली की ॲप बंद पडतं का, मराठी अक्षरं जुन्या फोनवर तुटतात का, उन्हात बटण दिसतं का, हे पुण्यात बसून कळत नाही. हे १४ दिवस नीट वापरले तर ॲप खरंच सुधारतं.

तिसरी पायरी म्हणजे दुकानावरची पाटी. ॲपचं नाव ३० अक्षरांत, थोडक्यात ओळख ८० अक्षरांत, सविस्तर माहिती ४ हजार अक्षरांपर्यंत. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चिन्ह, १०२४ बाय ५०० चं मोठं चित्र आणि ॲपच्या आतले किमान २ स्क्रीनशॉट. ही सगळी माहिती मराठीत देता येते, तरी बरेच जण इंग्रजीतच टाकतात. शेतकरी शोधताना 'धान कापणी मशीन' असं मराठीत टाईप करतो किंवा बोलतो. पाटीवर ते शब्दच नसतील तर ॲप त्याला सापडणार कुठून? आपण जे शब्द बोलतो तेच पाटीवर असावेत.

नापास कशामुळे होतं?

ॲप चांगलं असूनही ते परत येण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेलीच असतात.

माहितीच्या वापराबद्दलचं धोरण हवं. कोणती माहिती घेता, कशाला घेता, कोणाला देता हे एका चालू वेब पानावर लिहिलेलं पाहिजे. मोफत पान बनवलं तरी चालतं. पण ॲप लोकेशन घेत असेल आणि फॉर्मवर 'काहीच घेत नाही' असं भरलं, तर ते पकडलं जातं.

लॉगिन असेल तर तपासणाऱ्यासाठी चालणारं खातं आणि पासवर्ड द्यावा लागतो. मोबाईलवर ओटीपी येणारं लॉगिन असेल तर तपासणारा आत जाणार कसा? याचा विचार आधी करावा. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते पुसून टाकण्याची सोयही द्यावी लागते.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं, सरकारी माहिती. सातबारा, योजना, धान खरेदीची माहिती दाखवणारं ॲप अनेकांना बनवावंसं वाटतं. गुगलचा नियम असा की माहिती कुठल्या सरकारी ठिकाणाहून घेतली त्याची लिंक द्या आणि आपण सरकारचे नाही हे स्पष्ट लिहा. नाव किंवा चिन्ह सरकारी वाटेल असं ठेवलं तर ॲप काढलं जातं. हा नियम जाचक नाही. 'पीएम किसान' नावाने फिरणाऱ्या खोट्या फाईलींवरचा तोच उतारा आहे.

एकदा यादीत लागलं म्हणजे काम संपलं असंही नाही. प्ले स्टोअर दरवर्षी नव्या अँड्रॉइडनुसार ॲप अद्ययावत करायला लावतं. ते केलं नाही तर नव्या फोनवाल्यांना ॲप दिसेनासं होतं. खातं उघडून तसंच सोडून दिलं तर तेही बंद होऊ शकतं.

खातं कोणाच्या नावावर?

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे या जिल्ह्याला माहीत आहेत. १९८० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या बांधीतून धानाचं वाण निवडत निवडत तयार केलं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. हे वाण राज्याबाहेर गेलं, बाजारात त्याला भाव मिळाला. पण वाण गावाबाहेर निघालं तेव्हा त्यावर दादाजींच्या नावाची नोंद नव्हती. पुढे पुरस्कार मिळाले, सन्मान झाला, तरी त्या वाणाच्या प्रसाराच्या मानाने हातात पैसा आला नाही. ३ जून २०१८ ला त्यांचं निधन झालं.

ॲपचं तसंच आहे. अनेक पोरं सव्वादोन हजार वाचवायला दुसऱ्याच्या खात्यावरून ॲप टाकून घेतात. खातं ज्याचं, ॲप त्याचं. उद्या त्याने काढून टाकलं, नाव बदललं किंवा जाहिरातीचे पैसे स्वतःकडे ठेवले, तर बनवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. ॲपचं आतलं ओळखनाव, म्हणजे पॅकेज नेम, एकदा प्रसिद्ध झालं की बदलता येत नाही. नव्या नियमात तर हे ओळखनाव पडताळलेल्या माणसाच्या नावावर नोंदवलं जाणार. म्हणून खातं स्वतःचं किंवा स्वतःच्या गटाचं असावं. संस्थेच्या नावाने खातं हवं असेल तर डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीकडून मिळणारा 'डन्स' क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो.

बाकीची दुकानं

प्ले स्टोअर एकटं नाही. फोनपेचं 'इंडस ॲपस्टोअर' २१ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं, ते मराठीसह १२ भारतीय भाषांत चालतं. सरकारी ॲपसाठी 'मोबाईल सेवा' नावाचं केंद्राचं स्टोअर आहे. एकाच दुकानावर विसंबून राहणं किती महागात पडतं हे १ मार्च २०२४ ला दिसलं. शुल्काच्या वादातून गुगलने नोकरी, ९९एकर्स, शादी, भारत मॅट्रिमोनी अशी नावाजलेली ॲप एका दिवसात काढली. केंद्र सरकार मधे पडल्यावर ती काही दिवसांत परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री बोलले. गावच्या पोरासाठी कोण बोलणार? तेव्हा दोन ठिकाणी नोंद असलेली बरी.

एक गोष्ट मात्र टाळावी. 'तुमचं ॲप ५०० डिरेक्टरीत टाकून देतो' म्हणत पैसे मागणारे फोन येतात. त्यातल्या बहुतेक याद्या कोणी उघडूनही पाहत नाही. सिंदेवाहीचा शेतकरी हार्वेस्टर शोधायला परदेशी यादीत जाणार नाही. आणि खरं सांगायचं तर दरवेळी ॲपची गरजही नसते. नुसती मशीनची किंवा मिलची जाहिरात करायची असेल तर गुगल मॅपवर धंद्याची नोंद फुकटात होते. फोन नंबर, वेळ, फोटो टाकले की काम भागतं.

वापरणाऱ्याने काय पाहावं?

स्टोअरवर आहे म्हणजे शंभर टक्के खरं, असंही नाही. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने प्ले स्टोअरवरून २२०० हून जास्त कर्ज ॲप काढली, ही माहिती केंद्राने संसदेत दिली. म्हणजे तोपर्यंत ती तिथेच होती. म्हणून बनवणाऱ्याचं नाव पाहावं, कमी स्टारवाल्या प्रतिक्रिया आधी वाचाव्यात. सरकारी ॲप असेल तर 'सरकारी' अशी खूण आहे का ते बघावं. ई-पीक पाहणीसारखं ॲप दर हंगामात अद्ययावत करायचं तर स्टोअरमधूनच करावं, ग्रुपवर आलेल्या फाईलवरून नाही. हार्वेस्टर बुक करणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायची गरज नसते. त्याने ती परवानगी मागितली तर नाही म्हणावं.

चुकून फाईल उघडली आणि पैसे गेले तर आधी फोनचं नेट बंद करावं. दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ला कॉल करावा आणि बँकेला कळवावं. लाजेने दोन दिवस गप्प बसलं तर पैसे परत मिळण्याची आशा कमी होते.

आणि गावातल्या पोराने बनवलेलं ॲप असेल तर त्याला एवढंच सांगावं : फाईल पाठवू नको, स्टोअरवर टाक. चाचणीला १२ माणसं कमी पडत असतील तर त्यातलं एक नाव आपलं द्यावं.