बातमी कोणी आणायची?



उन्हाळ्यात बोदवडला पाण्याची टंचाई झाली, की वर्तमानपत्रात बातमी येते. नळ किती दिवसांनी आला, अधिकारी काय म्हणाले, पुढारी काय म्हणाले, हे तीत असते. पण हंडा घेऊन रांगेत कोण उभे होते? पाण्यापायी कोणत्या मुलीची शाळा बुडाली? हे पुष्कळदा त्या बातमीत सापडत नाही. वार्ताहर चौकात, कचेरीत, चहाच्या दुकानात माहिती विचारतो. तेथे बहुधा पुरुषच असतात. घरातल्या बायकांपर्यंत तो पोहोचत नाही.

म्हणून मला वाटते, की वृत्तपत्राच्या कचेरीत स्त्री आणि पुरुष यांना समान काम, समान पगार आणि समान अधिकार मिळालेच पाहिजेत. तसे झाले नाही तर नुकसान केवळ स्त्री पत्रकारांचे होत नाही. तुमच्या-आमच्या हातात अर्धीच बातमी येते.

काही लोक विचारतात, "स्त्रियांना हे काम जमेल का?" याचे उत्तर इतिहासाने कधीच दिले आहे. १८९८ साली लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांसाठी उर्दू साप्ताहिक निघाले. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या. आपल्या महाराष्ट्रात १८७७ साली 'दीनबंधू' हे पत्र सुरू झाले होते. पुढे वासुदेव बिर्जे ते चालवीत. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी संपादकाची जबाबदारी घेतली आणि ती नेटाने पार पाडली.

जमण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न संधीचा होता. होमाई व्यारावाला मुंबईत छायाचित्रे काढू लागल्या, तेव्हा त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. त्याच होमाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. १९६५ च्या युद्धात दिल्लीच्या एका दैनिकातील प्रभा दत्त यांनी युद्धभूमीवर जाण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. तेव्हा त्यांनी रजा घेतली, त्या स्वतःहून खेमकरणला गेल्या आणि तेथून बातम्या पाठवल्या. धाडसाची कामे पुरुषांना आणि फुलांच्या प्रदर्शनाची बातमी स्त्रियांना, ही वाटणी योग्य आहे का? तुम्हीच विचार करा.

जगभरातील बातम्यांची दर पाच वर्षांनी एक मोठी पाहणी होते. बातमीत ज्यांच्याविषयी लिहिले जाते किंवा ज्यांचे म्हणणे घेतले जाते, अशा १०० माणसांत १९९५ साली १७ स्त्रिया होत्या. २०२० साली त्या २५ झाल्या. पंचवीस वर्षांत फक्त आठ वाढल्या!

यावर कोणी म्हणेल, "बातमीच्या कामात रात्री-अपरात्री जावे लागते. मुलींच्या काळजीपोटीच आम्ही त्यांना पाठवत नाही." काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. रात्रीच्या कामासाठी गाडी द्यावी, सोबत द्यावी. कोणी त्रास दिला तर त्याची तक्रार ऐकावी. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात, त्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती नेमणे बंधनकारक केले. तालुक्याच्या गावी एकटीने काम करणाऱ्या वार्ताहर स्त्रीसाठी जिल्ह्याच्या समितीची सोय आहे. रस्ता धोक्याचा असेल तर रस्ता सुधारावा. चालणारीला घरी बसवू नये.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या राज्यघटनेतही आहे. पण कायदा कागदावर राहू नये, यासाठी सवय लहानपणीच लागली पाहिजे. तुमच्या शाळेत भित्तिपत्रक असेल. त्याची नक्षी आणि सुंदर अक्षर मुलींकडे, आणि माहिती गोळा करणे व संपादन मुलांकडे, असे तर होत नाही ना? या महिन्यात कामे बदलून पाहा. मुलींनी बाजार समितीत जाऊन कापसाचा भाव विचारावा. मुलांनी पाण्याच्या रांगेतल्या आयांना आणि बहिणींना त्यांचे म्हणणे विचारावे. मग दोघांनी शेजारी बसून लिहावे आणि खाली दोघांचीही नावे घालावीत.