मेलेल्याच्या तोंडच्या शिव्या

गेम्सबद्दल आपल्या हॉस्टेलवर दोनच मतं ऐकू येतात. रेक्टर सर म्हणतात, गोळीबार बघून पोरं बिघडतात. पोरं म्हणतात, सर, गेम तो गेमच, मनावर काय घ्यायचं? मला दोन्ही पटत नाहीत. कारण आहे मागच्या सेमिस्टरमधली एक रात्र.

आमच्या विंगमध्ये अजूनही लॅनवर काउंटर-स्ट्राइक चालतो. तोच जुना १.६. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'वर बसवलेला हा गेम आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठा आहे, पण कुठल्याही डबड्या पीसीवर पळतो. त्यात मेलेला माणूस राउंड संपेपर्यंत काही करू शकत नाही, जिवंत असलेल्यांचा खेळ नुसता बघत बसतो. हात रिकामे, तोंड मोकळं. आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या शिव्या मेलेल्यांनी दिलेल्या असतात.

त्या रात्री मी असाच मेलो होतो. आमच्या टीमचा एकटा उरला होता फर्स्ट इयरचा एक ज्युनिअर, नुकताच यायला लागलेला. बॉम्ब लागलेला. किट असेल तर बॉम्ब निकामी करायला ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. त्याच्याकडे किट नव्हतं. स्फोट झाला. अख्ख्या विंगला ऐकू जाईल असं मी त्याला नको ते बोललो, त्याच्या गावाकडच्या बोलीवरूनसुद्धा. सगळे हसले. तोही हसला, "सॉरी सर" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

किट का नव्हतं? राउंडच्या सुरुवातीला माझ्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या पैशातून बंदूक घेऊन मला ड्रॉप केली होती. ती घेऊन मी पहिल्याच वळणावर मेलो. हे मला तेव्हाही माहीत होतं. टोचलं मात्र दोन महिन्यांनी, तेही वेगळाच गेम खेळताना.

तो गेम म्हणजे 'अंडरटेल', टोबी फॉक्सने जवळजवळ एकट्याने बनवून २०१५ मध्ये आणलेला. दिसायला अगदी साधा. पण यात एकाही राक्षसाला न मारता शेवट गाठता येतो. जवळजवळ प्रत्येक लढाईत 'मर्सी' नावाचं बटण असतं. ते दाबलं की झालं, असं मात्र नाही. आधी समोरच्याला काय खुपतंय ते ओळखायचं, आणि तोवर त्याचे वार चुकवत उभं राहायचं. शिवाय कोणाला मारलं नाही तर एक्सपी शून्य. शेवटपर्यंत लेव्हल १ आणि एचपी २०! चांगुलपणाबद्दल ताकद वाढवून मिळत नाही. मला हे फार प्रामाणिक वाटलं. मेसच्या भिंतीवरचे सुविचार इतकं खरं बोलत नाहीत.

सुरुवातीलाच आईसारखी काळजी घेणारी टोरिएल भेटते. ती पुढे जाऊ देईना, म्हणून सवयीने मी तिला मारलं. वाईट वाटलं. सेव्ह परत लोड केली आणि या वेळी सोडून दिलं. बाहेर फ्लाउई नावाचं फूल उभं होतं. आधी तू काय केलंस ते मला ठाऊक आहे, असं त्याने तोंडावर सुनावलं. मी पीसी बंद केला. तेव्हा ती बंदूक आठवली.

म्हणून रेक्टर सर, गोळ्यांचं सोडा. तो दोन्ही टीमनी मान्य करून मांडलेला डाव आहे, कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरतात तसा. शिव्या गेममध्ये नव्हत्या, त्या आम्ही घेऊन आलो. लॅन बंद केलात तर त्याच शिव्या मेसच्या रांगेत ऐकू येतील. आणि पोरांनो, 'गेम तो गेमच' हे मी आजवर शिव्या देणाऱ्याकडूनच ऐकलंय, खाणाऱ्याकडून नाही.

शेवटी त्याच्या रूमवर गेलो आणि बोलून टाकलं. तो म्हणाला, "सर, मला तर आठवतही नाही." आणि खाली मान घालून ड्रॉइंगची शीट खोडरबराने पुसत राहिला. तेव्हा कळलं, सगळं आठवतंय.

अजून तरी तो खेळायला आलेला नाही.