आहेराची वही आणि प्राप्तिकर

लोणार तालुक्यातले सुलतानपूर घ्या की आणखी कुठले गाव, लग्नाच्या मांडवात एकजण आहेराची वही उघडून बसलेला असतोच. नाव, गाव, रक्कम. ही वही कौतुकासाठी नसते. पुढे त्या घरी लग्न निघाले की ती फडताळातून निघते, आणि पाचशे एक आले असतील तर निदान पाचशे एक जातात. जरा चढवून गेले तर मान राहतो. थोडक्यात, ही देण्याची नोंद आहे, मिळकतीची नव्हे. प्राप्तिकर कायद्याला मात्र यातली एकच बाजू दिसते. १९५८ चा दानकर निदान देणाऱ्याकडून वसूल होई. तो ऑक्टोबर १९९८ मध्ये गेला आणि सप्टेंबर २००४ पासून भेट हे घेणाऱ्याचे उत्पन्न ठरले. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपर्यंत आले तर विचारणा नाही. त्यावर एक रुपया गेला की तो एक रुपया नव्हे, सगळी रक्कम करपात्र.

लग्नातल्या भेटींना सूट आहे, हे खरे. पण ती ज्याचे लग्न त्यालाच. वधू-वरांच्या हाती पडलेले पाकीट करमुक्त. तेच पाकीट वरबापाच्या किंवा वधूपित्याच्या हाती पडले की सूट संपली. आता गावातली वही तर बापाच्याच नावाने चालते, कारण फेडायचे त्यालाच असते! बारसे, वास्तुशांत, साठीशांत यांना सूट मुळीच नाही. नात्याची व्याख्या त्याहून मौजेची. मामाने भाच्याला लाख रुपये दिले तर करमुक्त. त्याच भाच्याने नोकरी लागल्यावर मामाला लाख रुपये दिले तर मामाचे उत्पन्न लाखाने वाढते, कारण भाच्याला मामा नातेवाईक, पण मामाला भाचा नव्हे. बरे, आहेराला सरळ उसनवार म्हणावे, तर २०,००० किंवा त्याहून अधिकची उसनवार रोखीने घ्यायला बहुतेकांना मनाई आहे.

यावर ठरलेले उत्तर असे, की खेड्यात हे विचारतो कोण? शेतीचे उत्पन्न करमुक्त, बाकीचे करमर्यादेखाली. पण त्याच गावातला शिक्षक, एसटीचा वाहक, बँकेतला कारकून विवरणपत्र भरतो, आणि बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा अधिक रोख भरली की बँक स्वतःहून प्राप्तिकर खात्याला कळवते. कोणी विचारत नाही म्हणून नियम चांगला, हा युक्तिवाद तर नियमाच्याच विरोधात जातो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. सूट सैल केली की काळा पैसा आहेराच्या पाकिटातून पांढरा होईल. २००४ मध्ये ही तरतूद आली तीही खोट्या भेटी रोखण्यासाठीच. मात्र त्यानंतर सरकारच्या हाती बरीच हत्यारे आली आहेत. एका प्रसंगानिमित्त एकाच माणसाकडून दोन लाख किंवा अधिक रोख घेतली तर २०१७ पासून तेवढाच दंड. स्रोत सांगता न आलेल्या रकमेवरचा कर नोटाबंदीच्या धामधुमीत ६० टक्क्यांवर नेला, अधिभार वेगळा. नावगावासह लिहिलेली वही दाखवणाऱ्या बापापेक्षा ती न दाखवू शकणाऱ्याला धरणे खात्याला सोपे जायला हवे.

म्हणून लग्नाची सूट लग्नाला द्यावी, पाकिटावरच्या नावाला नको. म्हणजे वधू-वरांच्या आईवडिलांनाही ती मिळावी, आणि मोबदल्यात नावनिशीवार वही जपण्याची सक्ती करावी. गावाला तिची सवय आहेच. राहिली मर्यादा. ती २००६ मध्ये २५,००० ची ५०,००० झाली. तेव्हा दहा ग्रॅम सोने दहा हजारांच्या आसपास होते. सोन्याचे पुढे काय झाले ते वधूपित्यांना सांगायला नको. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने भाषा सोपी केली, कलमे कमी केली. ५०,००० चा आकडा तेवढा जागचा हलला नाही.