भाड्याचं विमान आणि 'इतर चार'



२८ जानेवारी २०२६, बुधवार. तिसरी पाळी लांबली होती. गोदीच्या गेटाबाहेर चहा मारत उभे होतो तोच चहावाल्या पोराचा मोबाइल ओरडायला लागला. बारामतीत विमान पडलं. अजित पवार गेले. पोरगं थिजून उभं राहिलं, चहा उतू गेला. मी विचारलं, "विमानात आणखी कोण होतं रे?" ते म्हणालं, "आणखी चार होते."

बस्स. आणखी चार. दिवसभर मग तेच ऐकू येत राहिलं. उपमुख्यमंत्री आणि इतर चार. दादा आणि इतर चार.

कोण हे इतर चार? विमान चालवणारा कॅप्टन. त्याच्या शेजारी बसलेली तरुण सहवैमानिक मुलगी. पाणी, चहा, पट्टा बघणारी विमानातली कर्मचारी मुलगी. आणि साहेबांच्या मागं सावलीसारखा फिरणारा पोलीस. म्हणजे पाचातले चार पगारावर होते. त्यांना बारामतीत सभा घ्यायची नव्हती, जिल्हा परिषद जिंकायची नव्हती. सकाळी डबा, बूट, टोपी, पॉलिश करून ते ड्यूटीला निघाले होते, जसा मी निघतो तसे. त्यांची नावं पेपरात आली, तुम्ही वाचली असतील. मी इथं मुद्दाम छापत नाही. त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या मढ्यावर आपला लेख उभा करायची मला लाज वाटते. माझं भांडण त्या 'इतर' शब्दाशी आहे. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. गावाच्या हजेरीत आपण पिढ्यान्‌पिढ्या 'इतर'च होतो.

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करतो. अजित पवारांशी माझं भांडण होतं आणि माणूस गेला म्हणून ते मी पुसून टाकणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याच्या ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार बाहेर आला. त्यांच्या मुलाच्या भागीदारीतली कंपनी त्यात होती. आपला संबंध नाही, असं ते म्हणाले आणि व्यवहार रद्द होत असल्याचंही त्यांनीच जाहीर केलं. वतनाची जमीन म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांची वेठ. तिच्याबद्दल आपण बोलणारच. पण माणूस जळून मेला याचा आनंद ज्याला होतो, त्याने आमच्या चळवळीत येऊ नये. आमच्या गँगमधले दोघं त्या दिवशी बारामतीला जायला एसटीत बसले. मी त्यांना हसलो नाही.

आता भाड्याच्या विमानाचं गणित ऐका. मुंबई ते बारामती गाडीने अडीचशे किलोमीटर. साडेचार-पाच तास जातात, घाटात अडकलात तर सहा. विमानाला अर्धा-पाऊण तास. मधले ते चार तास विकत घ्यायचे, त्याला चार्टर म्हणतात. भाडं तासावर लागतं आणि तासाचा आकडा लाखात असतो. गंमत पुढं आहे. विमान दुसऱ्या गावाहून रिकामं यायचं असेल तर त्या रिकाम्या फेरीचंही भाडं तुमच्याच बोकांडी. साहेब उतरले आणि विमान रिकामं परत गेलं तरी तेच. उभं राहिलं तर उभं राहिल्याचे पैसे. वैमानिकाचा मुक्काम तुमच्या खर्चात. थोडक्यात, रिकाम्या खुर्चीलाही किंमत आहे.

रिकाम्या खुर्चीला आहे. भरलेल्या माणसाचं काय?

बीड, उस्मानाबादकडून ऊसतोडीला येणारी बाई बारामती-इंदापूरच्या फडात उतरते तेव्हा ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारावर बसून येते. पोरं, कोंबड्या, पाण्याचा हंडा, सगळं त्यात. तिच्या प्रवासाचं वेगळं भाडं कुणी मोजत नाही. नवराबायको मिळून तिथं एक कोयता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी — कारखान्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका माजी मंत्र्याचा मुलगा पुण्याहून बँकॉकला भाड्याच्या विमानाने निघाला. बाप साखर कारखानदार. बापाला पत्ता नव्हता. यंत्रणा हलली आणि समुद्रावरून विमान मागं फिरलं, पुण्याला परत. फडातल्या बाईचा बाप गावाकडे मेला तर तिला मागं फिरता येत नाही. उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. जून २०२२ मध्ये सुरतेहून गुवाहाटीला आमदार भरभरून नेले तेही भाड्याच्या विमानाने. सरकार उलथवायचं असलं की आभाळ मोकळं असतं.

असो. बारामतीकडे येतो.

ही धावपट्टी एमआयडीसीची. म्हणजे पब्लिकची. २००९ मध्ये सरकारने नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळसोबत ती रिलायन्सच्या कंपनीला चालवायला दिली. बारामतीहून तिकीट काढून मुंबईला रोज उडणारं विमान मात्र सामान्य माणसाने पाहिलं नाही. त्याला दौंडची गाडी आणि एसटी. धावपट्टीवर उतरायचे ते साहेब लोक, आणि दिवसभर घिरट्या घालायची ती विमान शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं.

अपघातानंतर केंद्राच्या विमान खात्याने जे निवेदन काढलं, ते मी तीनदा वाचलं. त्यात म्हटलंय की बारामती हे 'अनियंत्रित' विमानतळ आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना माहिती देतात ती तिथल्या प्रशिक्षण संस्थांची माणसं. म्हणजे हवा कशी, किती लांबचं दिसतंय, हे सांगायला तिथं सरकारने नेमलेला हवाई नियंत्रक नव्हता. त्या सकाळी धुरकट होतं. विमान पहिल्यांदा आलं, वैमानिकांना धावपट्टी दिसली नाही, ते वर गेले. दुसऱ्यांदा आले. धावपट्टीच्या तोंडाशी जाळ दिसला. पावणेनऊच्या सुमारास सगळं संपलं.

विमान का पडलं, ते मी सांगणार नाही. माझा तो अभ्यास नाही. विमान लिअरजेट ४५, दिल्लीच्या व्हीएसआर व्हेंचर्स कंपनीचं. १४ सप्टेंबर २०२३ ला याच कंपनीचं, याच जातीचं दुसरं विमान मुंबईच्या धावपट्टीवर पावसात घसरून मोडलं होतं (विमानांनाही जात असते, बघा). तेव्हा आठही माणसं वाचली. यंत्रात खोट होती, धुकं होतं, की आणखी काही, ते तपासणाऱ्यांनी शोधावं. घातपात, घातपात म्हणून फोनवर ओरडणाऱ्यांना तपासापेक्षा तमाशा पाहिजे असतो.

मला बोलायचंय ते टॉवरवर नसलेल्या माणसाबद्दल.

गोदीत आम्ही माल उचलतो. क्रेनवाला वर केबिनमध्ये, माल खाली जहाजाच्या पोटात. वरच्याला खालचं दिसत नाही. म्हणून मधे एक माणूस उभा असतो, सिग्नलवाला. हात वर, हात खाली, मूठ बंद. तो मूठ बंद करतो तेव्हा क्रेन थांबते, मग वर कुणी का बसलेला असेना. त्याच्या पगारावर ठेकेदाराचा कायम डोळा. नुसते हात तर हलवतो, असं म्हणतात. एका ठिकाणी मी कामाला होतो, तिथं ठेकेदाराने सिग्नलवाला काढला आणि आम्हाला म्हणाला, तुम्हीच एकमेकाला सांगत जा. आम्ही सांगत गेलो. अकराव्या दिवशी लोखंडाचा गठ्ठा एका पोरावर उतरला. दोन बोटं गेली. रजिस्टरात काय लिहिलं? 'इतर किरकोळ.'

तुम्हीच एकमेकाला सांगत जा. बारामतीच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. उपमुख्यमंत्र्याचं विमान आलं तरी हेच. आणि अपघात झाल्यावर? लगेच हवाई दलाची तुकडी बारामतीत आली. नियंत्रण आणि हवामान सांगायला माणसं आली, यंत्रं आली. दोस्तांनो, म्हणजे माणसं होती. पाठवता येत होती. मंगळवारी नव्हती, ती बुधवारनंतर आली. लाखांनी भाडं मोजणाऱ्या या राज्यात एका जागी चार माणसांची कायम पगाराची पदं भरणं कुणाला सुचलं नाही. वेग विकत घेतला; हात हलवणाराचा पगार वाचवला.

आणि आधी सूचना मिळाली नव्हती असं तरी कुठंय? २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान पडलं. बावीस वर्षांची पोरगी एकटी चालवत होती, वाचली. शेतातले लोक धावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं. तिथं गेलो की सकाळपासून डोक्यावर घरघर. बांधावरची पोरं मान वर करून बघतात. आजी म्हणते, "एखादं पडलं डोक्यावर तर काय करायचं?" २०२२ नंतर तिला कुणी येडी म्हणत नाही.

आजीच्याच तालुक्यातलं बावडा. १९७२ साली तिथल्या आपल्या वस्तीवर गावाने बहिष्कार घातला. राज्यमंत्री शंकरराव पाटलांचं ते गाव, आणि बहिष्कारामागे त्यांच्या भावाचं नाव घेतलं गेलं. बावड्याचा बहिष्कार, परभणीकडे ब्राह्मणगावात बायांची विटंबना — या आगीतून त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली. पँथरची पोरं तिथवर कशी गेली असतील? खिशात भाडं नसताना. एसटीने, मालट्रकने, पायी. ज्यांची मोजदाद 'इतर'मध्ये होत होती त्यांची नावं त्यांनी सायक्लोस्टाइल कागदावर छापली, म्हणून मुंबईला बावडा कळलं.

हे मी आता आपल्यालाच सांगतोय. कारण आपल्यातही रोग शिरलाय. मागल्या इलेक्शनात आपल्या एका नेत्याचं हेलिकॉप्टर मैदानात उतरलं आणि आपलीच पोरं धुळीत उभी राहून रील काढत होती. "आपल्याही माणसाला मिळालं!" कुणी भाडं भरलं, विचारलं का? मी विचारलं तर मला म्हणाले, तू जळतोस. अरे, जळायला काय, मी आयुष्यात विमानात बसलेलो नाही. बसायला आवडेलही. साहेबाने विमान वापरू नये असं माझं म्हणणंच नाही. पूर आला, दंगल झाली, जावंच लागतं. पण कुठल्या खिशातून, कुणाच्या उपकारावर, आणि उतरायच्या जागी हात दाखवायला माणूस आहे का, एवढं विचारायचं नाही का? नेता ज्याच्या विमानातून येतो त्याच्या जमिनीबद्दल तो उतरल्यावर काय बोलणार आहे?

२९ जानेवारीला बारामतीत सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. लाखो माणूस. ३१ ला सुनेत्रा पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. एक खुर्ची तीन दिवसांत भरली. त्या चौघांच्या घरच्या खुर्च्यांचं काय झालं ते मला माहितीच्या अधिकारातून कळणार नाही. जे कळू शकतं ते मी विचारतोय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून अर्ज लिहिलाय. प्रश्न तीनच. गेल्या दहा वर्षांत राज्य सरकारने भाड्याने घेतलेल्या प्रत्येक विमानाचं आणि हेलिकॉप्टरचं बिल किती, कुणासाठी, कुठून कुठं, रिकाम्या फेऱ्या धरून. २७ जानेवारी २०२६ रोजी बारामतीच्या धावपट्टीवर हवाई नियंत्रण आणि हवामानासाठी किती पदं मंजूर होती आणि किती भरलेली होती. आणि सरकारी कामाच्या भाड्याच्या विमानात कर्मचारी मेला तर त्याच्या घरी काय देण्याचा नियम आहे, वैमानिकाला किती, चहा देणाऱ्या मुलीला किती, पोलिसाला किती.

पुढल्या सोमवारी माझी दुसरी पाळी आहे, म्हणून सकाळी अर्ज द्यायला जाणार. इंदापूर, बारामतीची जी पोरं मुंबईत आहेत त्यांनी साडेदहाला मंत्रालयाच्या गेटावर यावं. ओळखपत्र आणावं, आत सोडत नाहीत.