डोंगरवाटेची फटफटी

शिवणयंत्र, पाण्याचा पंप, घरगुती चक्की इत्यादी यंत्रांविषयी आम्ही या सदरात वेळोवेळी लिहीत आलो आहो. यावेळचा विषय त्याहून थोडा दांडगा आहे. आमची पुतणी पशुवैद्यक असून झरी-जामणी तालुक्यातील कोलामांच्या पोडांवर गुरे तपासावयास तिला वारंवार जावे लागते. डांबरी रस्ता संपला की पुढे गाडीवाट, मुरूम, नाला आणि काळी माती. गेल्या वर्षी तिने अशा वाटेसाठीच बनविलेली फटफटी घेतली, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो किमतीवरून नव्हे, तर तेलाने हात कोणी काळे करावयाचे यावरून. वहिनींचे म्हणणे, "मिस्त्री कशाला आहेत मग?" त्यावर पुतणी एवढेच म्हणाली, "आई, पोडावर मिस्त्री कुठून आणू?"

आमचे मत पुतणीच्या बाजूचे आहे, व ते आम्ही घरात स्पष्ट सांगितले. संध्याकाळी रानात गाडी बंद पडली, आजूबाजूस टिपेश्वरसारखे वाघांचे जंगल असले, तर घराण्याची प्रतिष्ठा तेथे उपयोगी पडत नाही; पाना हाती धरता येणे उपयोगी पडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, तरी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. मग आमच्या मुलीसुनांस तो का वाटावा?

या जातीच्या स्वस्त फटफट्या आपल्याकडे फार जुन्या नाहीत. हीरो मोटोकॉर्पने २०११ साली 'इम्पल्स' काढली. ती बंद झाल्यावर २०१९ साली 'एक्सपल्स २००' आणली. तिचे पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. नवशिक्यास ती झेपते; मात्र शहरी फटफटीची निगा जशीच्या तशी हिला लागू करणे चुकीचे होय.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो चेनच्या बाबतीत. चेन सैल दिसली की ताणून टाकावी, ही सर्वसाधारण समजूत. परंतु या गाडीचे मागचे चाक सुमारे १७० मिलिमीटर वर-खाली होते. चाकाचा अक्ष, ज्या खुंटीवर मागचा दांडा हलतो ती खुंटी, आणि इंजिनाजवळचे लहान दातेरी चक्र ही तिन्ही एका रेषेत आली, की चाक त्या लहान चक्रापासून सर्वांत दूर जाते व चेन सर्वाधिक ताणली जाते. अर्थात उभ्या गाडीवर जी चेन "छान ताठ" दिसते, ती खड्ड्यात गाडी आपटताच गिअरपेटीच्या बेअरिंगास ओढ देते. तुटलीच, तर गोळा होऊन इंजिनाचे कवचही फोडू शकते. म्हणून चेनच्या खालच्या पदराच्या मधोमध बोट लावून ढील पाहावी. चाक फिरवीत चार-पाच ठिकाणी पाहावी, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत ताठ लागेल तेथे पुस्तिकेतील माप मिळाले पाहिजे. शंका आल्यास किंचित सैल ठेवणे बरे. चाक मागे सरकविताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या राहतील हेही पाहावे. धुण्यास रॉकेल व मऊ ब्रश घ्यावा. पेट्रोल व तारेचा ब्रश चेनमधील रबरी कड्यांचा नाश करतात. तेल गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना द्यावे, आणि वरचे पुसून काढावे. नाहीतर त्यावर धूळ बसून घासणीचे काम करते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडील शेतकरी बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर जुवाखाली झिजलेल्या जागी तूप-हळद चोळतो. दसऱ्यास आपण फटफटीच्या हँडलला झेंडूची माळ घालतो, परंतु जेथे ती खरोखर झिजते तेथे आपली बोटे पोहोचत नाहीत.

काळ्या मातीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ओली असता ती चाक व मडगार्ड यांमध्ये अशी भरते की बैलगाडीचे चाकही अडावे. म्हणूनच या जातीच्या पुष्कळ गाड्यांचा पुढचा मडगार्ड चाकापासून उंच असतो. तीच माती वाळली की दगड होते. पुढच्या दांड्यांवर वाळलेला चिखल पेचकसाने खरवडणारे लोक आम्ही पाहिले आहेत; त्याने गुळगुळीत नळीवर ओरखडा उठतो, ओरखड्याने तेलाची सील फाटते, व पुढे तेल झिरपत राहते. ओले फडके तासभर गुंडाळून ठेवावे, चिखल आपोआप सुटतो. धुण्याच्या दुकानातील जोराचा फवाराही चाकाच्या मध्यावर व हँडलच्या मानेवर मारू देऊ नये. पाणी आत शिरते आणि वंगण बाहेर पडते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी तर मुळीच नको.

वणीकडे कोळशाची धूळ, इतरत्र मातीची. तेव्हा हवेची गाळणी पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच पाहावी. ती कागदी असल्यास धुवू नये, झटकावी किंवा बदलावी. स्पंजाची असल्यास धुऊन, पूर्ण वाळवून, किंचित तेल लावून पिळावी.

चाकाच्या तारांस आम्ही 'आरे' म्हणतो, कारण संस्कृतातील 'अर' हाच शब्द. पुतणी त्यांस 'स्पोक' म्हणते. नाव काहीही असो, पान्याने एकेकीवर टिचकी मारावी. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर सैल. कसताना पाव फेरा पुरे. एकीलाच फार कसली तर चाक वाकडे होते.

आता नाल्याविषयी. पूर असता नाला ओलांडूच नये, हे वेगळे सांगावयास नको. उथळ पाण्यातही गाडी आडवी पडून इंजिनात पाणी गेले, तर स्टार्टरचे बटण कदापि दाबू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो आणि मग खर्च किती येतो हे विचारू नका. स्पार्क प्लग काढावा, वरचा गिअर टाकावा आणि गाडी ढकलून आतील पाणी बाहेर काढावे. तेल दुधाळ दिसल्यास इंजिन सुरू न करता ते बदलावे. एरवी तेल पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. बाजूच्या स्टँडवर कललेली गाडी खोटे माप दाखविते.

नवशिका पडणारच, म्हणून क्लच व ब्रेक यांच्या मुठींचे पट्टे इतपतच कसावे की हाताने रेटले असता ते हँडलवर फिरतील. पडताना मूठ फिरते, तुटत नाही.

बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात पंक्चरची पिशवी नेहमी बरोबर असावी: चाक काढण्याचे पाने, टायर उचलण्याच्या दोन पट्ट्या, पंप, आणि ट्यूब एकच, पुढच्या २१ इंची चाकाची. अडीअडचणीस ती मागच्या १८ इंची चाकातही घडी न पडेल अशी बसविता येते. उलट मात्र करू नये. गावी परतल्यावर ती काढून योग्य मापाची घालावी. पहिला टायर मात्र घरी, अंगणात, कोणी घाई करीत नसताना काढून पाहावा. आमच्या पुतणीस त्यास दीड तास लागला, दुसऱ्या खेपेस चाळीस मिनिटे.